एक अल्को तरी चालतं ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार कुणा एका गावाबद्दल नाही. त्या स्टेशनाबाहेर सिमेंटचा चौथरा बांधून त्यावर डिझेल इंजिन ठेवलंय. डब्ल्यूडीएम-टू जातीचं, आम्ही ज्याला आयुष्यभर नुसतं 'अल्को' म्हणत आलो ते. भगवा, निळा, हिरवा असे तीन रंग त्याला दिलेत आणि भोवती रंगीत दिव्यांची माळ आहे. वऱ्हाडातली पोरं फोटो काढत होती. मी मात्र सवयीने मागच्या बाजूला गेलो, शिडीवरून वर चढलो आणि हूडचा, म्हणजे यंत्रावरच्या पत्र्याच्या आवरणाचा, एक दरवाजा उघडला. तो कसा उघडतो हे हाताला अजून माहीत आहे.

आत मोबाइलचा उजेड पाडला. सोळापैकी चार सिलिंडरांची हेडं, म्हणजे वरची झाकणं, गायब होती. केबली कापून नेलेल्या. वर धुराड्याचं तोंड उघडंच, त्यावर साधा पत्रासुद्धा टाकलेला नाही. एका हेडचा एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर नेणारा वाकडा नळ, काढलेला होता आणि त्या उघड्या तोंडात पावसाचं पाणी साचून, आटून, गंजाचा लाल थर बसला होता. मी त्यात बोट घातलं. बोट विटकरी रंगाचं होऊन बाहेर आलं. तेवढ्यात खालून कुणीतरी "काका, खाली उतरा" म्हणालं आणि मी उतरलो. जेवण गोड लागलं नाही.

मी पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमध्ये पस्तीस वर्षं फिटर होतो. १९८१ साली खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. एवढी वर्षं त्या सिलिंडरांत पाण्याचा एक थेंबसुद्धा जाऊ नये म्हणून आम्ही किती जपायचो, हे वाचकांना सांगितल्याशिवाय माझ्या मनातली टोचणी कळायची नाही.

इंजिन बराच वेळ बंद राहिलं, की ते थेट सुरू करायचं नाही. प्रत्येक सिलिंडरच्या हेडला एक छोटा प्लग असतो. सोळाचे सोळा प्लग उघडायचे, मग बार, म्हणजे लोखंडी पहार, लावून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने फिरवायचा. याला शेडमध्ये 'बारिंग' म्हणतात. दोघंतिघं लागतात, थंडीच्या दिवसांतही अंगाला घाम फुटतो. लायनरच्या, म्हणजे सिलिंडराच्या आतल्या नळीच्या, सीलमधून किंवा हेडच्या चिरेतून थंडाव्याचं पाणी सिलिंडरात उतरलं असेल, तर ते त्या प्लगच्या भोकातून बाहेर उडतं. माझ्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. गाडीची वेळ जवळ आली होती, वरून घाई चालली होती, आणि मी म्हणालो, काल तर चालत होतं, कशाला बारिंग? आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बार माझ्या हातात दिला. दुसऱ्या फेऱ्याला उजवीकडच्या पाचव्या सिलिंडरातून पिचकारीसारखं पाणी उडालं आणि थेट माझ्या शर्टावर आलं. त्या पाण्यात गंज लागू नये म्हणून रसायन घालतात. त्याचा डाग त्या शर्टावरून कधीच गेला नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "पाणी दबत नाही रे. रॉड वाकतो." हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. ९ इंच व्यासाचा पिस्टन वर येतोय आणि वर पाणी अडलंय, म्हणजे कुणाला तरी वाकावं लागणार, आणि तो पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड असतो. त्या दिवसानंतर निवृत्तीपर्यंत मी एकदाही बारिंग चुकवलं नाही.

आणि आता चौथऱ्यावर, उघड्या धुराड्याखाली, त्याच सिलिंडरांत चार पावसाळे उतरलेत.

हे इंजिन आपल्याकडे आलं कसं, हे आजच्या पोरांना फारसं ठाऊक नाही. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे अल्को, हिने १९६२ साली ही इंजिनं भारताला पुरवायला सुरुवात केली. करार नुसत्या खरेदीचा नव्हता, बनवण्याची विद्याही त्यात होती. बनारसला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी तिथलं पहिलं इंजिन देशाला अर्पण केलं. पुढे बनारसने ही इंजिनं हजारांनी बनवली. अमेरिकेतली मूळ कंपनी १९६९ सालीच इंजिनं बनवायची थांबली. म्हणजे ज्यांनी हे यंत्र काढलं त्यांचं दुकान बंद झालं, आणि आम्ही ते पुढे पन्नास वर्षं चालवलं. त्याचे पिस्टन, लायनर, हवा कोंबणारा टर्बो, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर सगळं इथेच बनू लागलं. २६०० अश्वशक्तीचं यंत्र आमच्या लोकांनी ३१०० आणि पुढे ३३०० पर्यंत नेलं. मला विचाराल तर हे इंजिन जितकं अमेरिकेचं, त्याहून जास्त आपलं आहे.

नावाचाही अर्थ सांगून टाकतो. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड. मालगाडीही ओढणार आणि मेलसुद्धा. वजन सुमारे ११३ टन, ताशी १२० किलोमीटरचा वेग, पोटात ५००० लिटर डिझेल. हे खरं तर चाकावरचं पॉवर हाऊस आहे. डिझेल इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज खालच्या सहा मोटारींना जाते आणि मोटारी चाकं ओढतात. सुरू करतानाची गंमत अशी की बॅटरीची वीज देऊन आधी तोच जनरेटर मोटारीसारखा फिरवायचा. अजस्र शाफ्ट हळूहळू कुरकुरत फिरायला लागतो, एक सिलिंडर पेटतो, मग तिसरा, मग आठवा, आणि पायाखालचा पत्रा थरथरायला लागतो. आयडलला, म्हणजे गाडी न ओढता नुसतं चालू असताना, मिनिटाला ४०० फेरे. पण अल्को आयडलला एका लयीत चालत नाही. मधेच ठोका चुकल्यासारखं वाटतं, मग सावरतं. नवीन माणूस घाबरतो. आम्हाला त्या ठोक्यावरून कळायचं की कुठल्या बाजूचा इंजेक्टर आळशी झालाय.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या वाचकांना एक गोष्ट नक्की आठवेल. मुंबईहून महालक्ष्मी, सह्याद्री किंवा कोयना पुण्यात आली की विजेचं इंजिन निघायचं आणि आमचं डिझेल लागायचं. मुंबई-पुणे मार्गावर वीज १९३० च्या आधीपासून आहे, पण पुण्याच्या पुढे मिरजेकडे तारा नव्हत्या. तेवढ्या वेळात लोक चहा घ्यायला उतरत. मग पुढून एक हिसका बसायचा आणि सगळे धावत डब्यात चढायचे. तो हिसका म्हणजे आमचं इंजिन. रात्रपाळीला असलो की मी तो आवाज शेडमधूनही ओळखायचो. आळंदी सोडली की शिंदवण्याचा घाट लागतो, पुढे सालप्यानंतर आदर्कीचा. वळणं, बोगदे, पावसात ओले रूळ. ड्रायव्हर एकेक नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, चढवत शेवटच्या आठव्या नॉचवर न्यायचा, १००० फेऱ्यांवर इंजिन गर्जायचं, चाक घसरलं की रुळावर वाळू सोडायचा. वळणावर खिडकीतून बघणाऱ्याला आपलंच इंजिन दिसायचं, काळा धूर ओकत चढणारं.

त्या धुराबद्दलही लिहायला हवं, कारण लोक अल्कोला त्यावरूनच ओळखतात आणि त्यावरूनच नाकं मुरडतात. नॉच झटकन वाढवला की डिझेल लगेच सिलिंडरात पोचतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो, हवा मागे पडते. तेवढा वेळ अर्धवट जळालेलं तेल काळं होऊन बाहेर पडतं. चांगला ड्रायव्हर नॉच सबुरीने चढवायचा आणि त्याच्या इंजिनाला धूर कमी असायचा. आमच्या शेडमध्ये काही ड्रायव्हर होते, त्यांचं इंजिन परत आलं की हूडवर काजळीच दिसायची नाही. त्यांची इंजिनं दुरुस्त करायला आम्ही मनापासून राबायचो.

मी विजेच्या विरोधात मुळीच नाही, हे स्पष्ट लिहितो. कोकण रेल्वेचा पूर्ण ७४० किलोमीटर मार्ग जून २०२२ मध्ये विजेवर आला, मिरजेकडेही तारा ओढल्या गेल्या. बनारसचा कारखानाही आता विजेची इंजिनं बनवतो, त्याच्या नावातला 'डिझेल' शब्दही २०२० साली गेला. हे व्हायलाच हवं होतं. अल्को नुसतं उभं असलं तरी तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल पितं, आणि सुरू होईल की नाही या धास्तीने रात्र रात्र ते बंद करता येत नाही. घाटातल्या बोगद्यात त्या धुराने डब्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा व्हायचा, हे मी पाहिलंय. रेल्वेच्या हिशोबात अशा इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षांचं, ते बहुतेकांचं भरलं. ते मोडीत निघतायत याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते एका इंजिनाबद्दल.

माझे वडील मिरजेच्या लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मी शाळेत असताना मिरजेत डिझेल आलं तेव्हा ते मला दाखवायला घेऊन गेले. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "याच्यात आग कुठं आहे?" वाफेच्या इंजिनात आग दिसते, वाफ दिसते, दांडे हलताना दिसतात. डिझेलचं सगळं झाकलेलं. पुढे मी फिटर झालो आणि वडिलांना उत्तर दिलं. आग आहे, पण तिला काडी लागत नाही. सिलिंडरात हवाच इतकी दाबतात की ती रसरसून तापते, आणि त्यात तेलाची फवार सोडली की आपोआप पेट घेते. मिनिटाला हजार फेऱ्यांवर एका सिलिंडरात पाचशे वेळा हे घडतं, आणि असे सोळा सिलिंडर. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे आग लपवलीय." त्यांना ते पटलं असं मला वाटतं.

पण लोकांचं मन आजही वाफेतच अडकलंय. वाफेच्या इंजिनांना जपायला माणसं पुढे आली आणि ते योग्यच झालं. १८५५ सालचं 'फेअरी क्वीन' १९९७ साली पुन्हा प्रवासी घेऊन धावायला लागलं. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जुनी वाफेची इंजिनं चालू स्थितीत ठेवली जातात. हे सगळं शक्य झालं, कारण तेव्हा वाफेवर हात चालवलेली माणसं हयात होती. डिझेलबद्दल मात्र अजून कुणाला तसं वाटत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू जुनी वाटते, पण 'वारसा' वाटत नाही. आणि ती वारसा वाटायला लागेपर्यंत भंगारवाला येऊन गेलेला असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात डिझेल इंजिनं ठेवली आहेत, चांगली ठेवली आहेत, मी दोनदा बघून आलो. पण ती मुकी आहेत. अल्कोचा आवाजच काढून घेतला तर उरतं काय, तर पत्र्याचा एक लांबट डबा.

ब्रिटनचं उदाहरण देतो. तिथे 'डेल्टिक' नावाची २२ डिझेल इंजिनं होती, ३३०० अश्वशक्तीची, जलद गाड्यांची. १९८२ च्या सुरुवातीपर्यंत ती सगळी सेवेतून गेली. त्यातली ६ आज टिकून आहेत, आणि काही अगदी अलीकडेपर्यंत मुख्य मार्गावर धावलीत. ती टिकवली प्रामुख्याने हौशी माणसांनी, वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी हात काळे करून. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मिळतील तेवढे सुटे भाग गोळा करून ठेवले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. इंजिन म्हणजे ११३ टनांचा एक दागिना नव्हे. ते म्हणजे त्याच्यामागे शेल्फवर ठेवलेले रिंगांचे संच, इंजेक्टर, गॅस्केट, एक जादा टर्बो, एक जादा गव्हर्नर. ते नसेल तर पहिल्या मोठ्या बिघाडाला त्याचा चौथरा होतो.

आज ते सुटे भाग अजून आहेत. देशभरच्या शेडांमध्ये आणि कारखान्यांमध्ये अल्कोचा माल पडून आहे आणि लॉटच्या लॉट लिलावात निघतोय. आणखी पाच-सात वर्षांनी तोच माल सोन्याच्या भावाने शोधूनही मिळणार नाही. म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय.

रेल्वे प्रशासनाला माझी विनंती अशी. महाराष्ट्रात एक डब्ल्यूडीएम-टू चालू स्थितीत ठेवा. मोडीत काढायच्या यादीतून चांगल्या ब्लॉकचं, म्हणजे ज्याचा मुख्य सांगाडा धड आहे असं, शक्यतो फारशी मोडतोड न झालेलं एक निवडा. त्याच्या मोटारी काढू नका, केबली तोडू नका. तांब्याचे चार पैसे येतील, पण त्यानंतर ते इंजिन उरणार नाही. तोवर लिलावातून सुटे भाग बाजूला काढून एका खोलीत कुलूप लावून ठेवा. इंजिनाला छप्पर द्या, शेडचा एखादा रूळ द्या, आणि धुराड्यावर झाकण बसवा. झाकणाला पाचशे रुपयेसुद्धा लागत नाहीत, पण सगळ्यात जास्त तेच विसरतात. महिन्यातून एकदा बारिंग करून ते सुरू करा, तासभर चालवा, तेल-पाणी तपासा. वर्षातून दोन-चार वेळा चार डबे जोडून पुण्याहून साताऱ्यापर्यंत न्या. डिझेलला वरच्या तारांची अडचण होत नाही, ते तारांखालूनही जातं. शिंदवण्याच्या घाटात त्याचा आवाज ऐकायला माणसं तिकीट काढून येतील, याची मला खात्री आहे. आमच्याच शेडच्या उघड्या दिवसाला पोरं-बाळं घेऊन आलेले लोक इंजिन सुरू झालं की कान झाकून हसायचे, ते मी विसरलेलो नाही.

आणि रंग. रेल्वेत असताना त्याला जो रंग होता, जो नंबर होता, तोच ठेवा. शेडमध्ये आम्ही इंजिनाला शेवटच्या दोन आकड्यांनीच हाक मारायचो. "अठ्ठेचाळीस आलं का? त्याचं पाणी घटतंय, बघा." नंबर पुसला की आम्हाला ते इंजिन ओळखू येत नाही. परळच्या कारखान्यात मोठी दुरुस्ती करून आलेलं इंजिन नवीन रंगात आलं तरी आम्ही आधी नंबर बघायचो, मग हूड उघडायचो.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी लिहितो. इंजिन ठेवता येईल, सुटे भाग ठेवता येतील, पण ज्यांना त्याचं दुखणं ऐकू येतं ती माणसं कमी होत चाललीत. ज्या मिस्त्रींनी माझ्या हातात बार दिला ते नऊ वर्षांपूर्वी गेले. टर्बोच्या बेअरिंगचा आवाज कानाने ओळखणारे आमच्या शेडमध्ये चौघं होते, आता दोघं आहेत, त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नाही. आज शेडमध्ये लागणारी पोरं हुशार आहेत, लॅपटॉप लावून दोष सांगतात. पण अल्कोचा गव्हर्नर जुना, त्यात लॅपटॉप लागत नाही. त्याच्या स्प्रिंगवर हात ठेवून बघावं लागतं. ते पुस्तकात लिहिता येत नाही, शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. आमच्यासारखे पाच-सहा निवृत्त फिटर आणि ड्रायव्हर पुण्यात आणि मिरजेत आहेत. मी सगळ्यांना फोन केला. एकानेही पैशाचं विचारलं नाही. एकाने एवढंच विचारलं, "बार आहे का अजून?"

बार आहे. निवृत्तीच्या दिवशी शेडमधल्या सहकाऱ्यांनी भंगारात निघालेला एक जुना बार मला आठवण म्हणून दिला होता, तो घरी कपाटाच्या मागे उभा आहे. सोबत माझी वही आहे. कुठल्या दोन आकड्यांच्या इंजिनाला कुठला सिलिंडर सतत त्रास द्यायचा, कुठल्या दिवशी काय सापडलं, ते तारखेसकट लिहिलंय. रेल्वेने जागा आणि इंजिन ठरवलं, तर या दोन्ही गोष्टी घेऊन मी यायला तयार आहे. रविवारी सकाळी आठ वाजता आलो तर चालेल. पहिल्या दिवशी प्लग उघडायला तीन तास लागतील, म्हणून दोन तरुण मुलं सोबत द्यावीत.

आपला,
एक निवृत्त डिझेल फिटर,
घोरपडी, पुणे